मनातलं कुणापुढे बोलायचं? समुपदेशक निवडताना आपण काय बघायचं



१६ जून ते १५ ऑगस्ट. मध्य प्रदेशात मासेमारी बंदीचे हे दोन महिने. माशांची पैदास व्हावी म्हणून बंदी आहे, ती पाळायचीच. पण या दोन महिन्यांत जाळी वर, नावा काठाला, हातात पैसा नाही आणि डोक्याला काम नाही. ज्याच्या मनात वर्षभर काही साचलंय ते नेमकं याच दिवसांत वर येतं. दारू वाढते, घरात भांडण वाढतं, झोप उडते. कुणी गप्प गप्प होतो, सगळे म्हणतात "पावसाळा आहे, होईल ठीक". कधी होतं, कधी नाही होत.

गेल्या काही महिन्यांत संस्थेच्या फोनवर एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी आला. "डॉक्टर म्हणाले समुपदेशकाकडे जा. पण कुणाकडे? आणि तो चांगला आहे हे आम्हाला कसं कळणार?" आज त्याचंच उत्तर द्यायचा प्रयत्न करतोय. लेख मोठा आहे, सावकाश वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

*पाटीवर काय लिहिलंय ते आधी समजून घ्या*

आपल्याकडे सगळ्यांना मिळून "मन का डॉक्टर" म्हणतात. पण त्यात तीन वेगळी माणसं असतात.

पहिला, मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट. हा एमबीबीएस करून पुढे मनाच्या आजारांचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषध लिहून देतो तो हाच.

दुसरा, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. हा औषध देत नाही. तपासण्या करतो, बोलून उपचार करतो. याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारला तर त्याला राग यायचं कारण नाही.

तिसरा, समुपदेशक, म्हणजे काउन्सेलर. हा मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकलेला असतो. हाही औषध देत नाही. पण समुपदेशक हा शब्द बरीच वर्षं कुणीही पाटीवर लिहीत आलाय. चार दिवसांचा कोर्स केलेलाही लिहितो, दहा वर्षं काम केलेलाही लिहितो. म्हणून इथे विचारणं जास्त गरजेचं.

कुणाकडे आधी जायचं? झोप-भूक पार गेली असेल, कानात आवाज येत असतील, नसलेलं दिसत असेल, मरणाचे विचार असतील, किंवा दारू सोडायची असेल, तर आधी डॉक्टर. दारूचं मुद्दाम सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर हात थरथरतात, भ्रम होतो, झटके येतात, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. घरच्यांनी कोंडून ठेवून दारू सोडवू नका. डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडवा, मग बोलण्याचा उपचार सुरू करा. दुःख, काळजी, घरातली भांडणं, कर्जाचा ताण, कुणी गेल्याचा शोक, एवढंच असेल तर समुपदेशकापासून सुरुवात केली तरी चालतं.

*मोठी डिग्री म्हणजे चांगला माणूस, असं आहे का?*

हा प्रश्न खूप जण विचारतात. याचं एक उत्तर गोव्यातून आलंय, आणि ते आपल्या अगदी शेजारापर्यंत पोचलंय.

गोव्यात १९९६ पासून 'संगथ' नावाची संस्था काम करते. डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. गोव्यातही मनाचे डॉक्टर हवे तेवढे नव्हते. मग त्यांनी गावातलीच साधी, शाळा शिकलेली माणसं निवडली, त्यांना शिकवलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात बसवलं. उदास झालेल्या माणसाशी सहा ते आठ भेटी. जास्त पिणाऱ्या पुरुषांसाठी त्याहून कमी भेटींचा वेगळा कार्यक्रम. या दोन्ही कामांची नीट तपासणी झाली आणि २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. नेहमीच्या उपचाराला हे बोलणं जोडल्यावर माणसांना जास्त फायदा झाला.

हेच काम पुढे आपल्या मध्य प्रदेशात सीहोर जिल्ह्यात आलं. सीहोर म्हणजे देवासचा शेजारी जिल्हा. तिथे सरकारच्या बरोबरीने दवाखान्यात मनाच्या आजारांची सोय लावली गेली, 'मन कक्ष' सुरू झाले आणि पुढे आशाताईंनाही हे बोलण्याचं काम शिकवलं गेलं.

याचा अर्थ कुणीही उठून समुपदेशक होऊ शकतो असा घेऊ नका. त्या माणसांना शिकवलं होतं. काय बोलायचं, कधी डॉक्टरकडे पाठवायचं, हे ठरलेलं होतं. आणि मुख्य म्हणजे त्यांच्या कामावर नजर होती. बोलण्याचं रेकॉर्डिंग ऐकून दर आठवड्याला ते एकमेकांचं काम तपासत. म्हणून तुम्हीही डिग्रीबरोबर एक प्रश्न जरूर विचारा: "तुमचं काम कोण बघतं? अडलात तर कुणाला विचारता?" चांगला समुपदेशक लगेच सांगेल. "मला कुणाला विचारायची गरजच पडत नाही" असं म्हणाला तर जरा जपून.

*जमतंय की नाही, हे कशावरून ओळखायचं?*

एडवर्ड बोर्डिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये यावर एक साधी मांडणी केली. उपचार कुठल्याही पद्धतीचा असो, तीन गोष्टी जुळाव्या लागतात. कुठे पोचायचं यावर दोघांचं एकमत. त्यासाठी काय करायचं यावर एकमत. आणि दोघांमध्ये विश्वासाचं नातं. पुढे झालेल्या अभ्यासांतही दिसलं की हे जुळलं तर उपचाराचा गुण येण्याची शक्यता वाढते.

आपल्या भाषेत बोलायचं तर एका नावेत दोघं बसलेत. कुठल्या घाटाला लागायचं ते दोघांना माहीत हवं. वल्हं कोण मारणार, जाळं कोण सोडणार ते ठरलेलं हवं. आणि रात्री पाण्यात असताना याच्यावर भरवसा टाकता येईल का, ते मनाला पटायला हवं. यातलं एक जरी नसेल तर दोघं कितीही हुशार असोत, नाव गोल फिरत राहते.

एक उदाहरण घेऊ. समजा, सरदार सरोवराच्या पाण्यात घर गेलेला एखादा दादा समुपदेशकाकडे गेला. सप्टेंबर २०१९ मध्ये धरण १३८.६८ मीटरपर्यंत भरलं तेव्हा आपल्या धार जिल्ह्यात निसरपूर, चिखलदा इथली घरं, देवळं, झाडं पाण्यात गेली. दादाला तेव्हापासून झोप नाही. त्याला बोलायचंय गावाबद्दल. आणि समुपदेशक दर भेटीत म्हणतोय, "जुनं विसरा, सकाळी योगा करा." योगा वाईट नाही. पण दादाचा घाट वेगळा, समुपदेशकाचा घाट वेगळा. अशा वेळी दादाने सांगायला हवं, "मला आधी गेलेल्याबद्दल बोलायचंय." ऐकून तो बदलला तर माणूस चांगला. नाही बदलला तर दुसरा शोधायचा.

*पहिल्या दोन-तीन भेटींत काय बघाल*

*भाषा.* धार-देवासच्या आपल्या मराठी घरांची गंमत सगळ्यांना ठाऊक आहे. पवारांच्या राज्यापासून इथे राहतोय. घरात मराठी, घाटावर निमाडी, बाजारात माळवी, ऑफिसात हिंदी. हिंदीत आपण अर्ज देतो, भाव करतो. पण आई गेल्याचं दुःख ज्या भाषेत तोंडातून येतं तीच भाषा उपचाराला लागते. समुपदेशकाला मराठी येत नसेल तरी हरकत नाही, पण मध्येच मराठीत किंवा निमाडीत बोललात तर तो थांबून अर्थ विचारतो का, की "हिंदी में बोलिए" म्हणून तोडतो, ते बघा.

*धंद्याची समज.* त्याला जाळ्याचे प्रकार माहीत असायची गरज नाही. पण रात्री पाण्यात जायचं, पहाटे माल उतरवायचा, ठेकेदाराची उचल फेडायची, हे समजून घ्यायची इच्छा हवी. सकाळी दहाची वेळ जमत नाही म्हटल्यावर दुसरी वेळ शोधायला मदत करतो का?

*शोक.* आपल्या वस्त्यांत एक दुःख असं आहे जे शहरात कमी दिसतं. माणूस पाण्यात गेला आणि देह मिळाला नाही. घरचे ना रडून मोकळे होतात, ना आशा सोडतात. पॉलिन बॉस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी अशा अर्धवट शोकावर आयुष्यभर काम केलंय. ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी पहिल्याच भेटीत सांगावं. "आता मान्य करा, पुढे चला" अशी घाई करणारा माणूस इथे कामाचा नाही.

*बाई की पुरुष.* बायकांना बाईशीच बोलायचं असेल तर तसं मागा, लाजू नका. मासे विकणाऱ्या आपल्या ताया-मावश्या बाजारात कुणाला ऐकत नाहीत, पण दवाखान्यात गप्प बसतात. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. घरात मारहाण होत असेल आणि समुपदेशक म्हणाला "थोडं सांभाळून घ्या", तर तिथून उठा. १८१ वर फोन करा, किंवा जिल्ह्याच्या 'सखी' वन स्टॉप सेंटरला जा.

*ऐकतो किती, बोलतो किती.* पहिल्या भेटीतच अर्धा तास उपदेश देणारा समुपदेशक नको. उपदेश द्यायला आपल्याकडे काका-मामा भरपूर आहेत.

*भगताचा विषय.* आपल्यात बडवा, भगत, देवऋषी यांच्याकडे जाणारे आहेत. तिथे गेल्याचं समुपदेशकाला मोकळेपणाने सांगा. त्याने टिंगल करू नये. तसंच कुणी भगताने "डॉक्टरची गोळी बंद कर" म्हटलं तर त्याचंही ऐकू नका. देवाचं देवाकडे, गोळी चालू.

*हे दिसलं तर लगेच सोडा*

- "शंभर टक्के गॅरंटी" देतो.
- सगळ्या भेटींचे पैसे आधीच मागतो.
- दुसऱ्या पेशंटच्या गोष्टी नाव घेऊन सांगतो. उद्या तुमचीही सांगेल.
- डॉक्टर नसताना गोळ्या देतो किंवा चालू गोळ्या बंद करायला लावतो.
- अंगाला हात लावतो, एकटं घरी बोलावतो, नको ते बोलतो. यात "गैरसमज" वगैरे काही नसतं.
- जात, धर्म, विस्थापित, "मच्छीवाले" यावरून टोमणा मारतो.

गुपिताबद्दल कायदाही तुमच्या बाजूने आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आजार आणि उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय. जिवाला धोका असेल तेव्हा समुपदेशकाला घरच्यांना किंवा डॉक्टरला सांगावं लागतं. चांगला माणूस ही अट पहिल्याच दिवशी समजावून सांगतो.

*संस्थेचा माणूस समुपदेशक का नको*

काही सभासद म्हणतात, "आपलेच अध्यक्ष, आपलेच सचिव, त्यांच्याशीच बोलतो की." आम्हाला बरं वाटतं, पण स्पष्ट सांगतो. संस्थेकडे तुमचं कर्ज आहे, तलावाच्या पट्ट्यातला तुमचा वाटा आहे, मत्स्यबीजाचा हिशोब आहे. ज्याच्या हातात तुमचा हिशोब आहे त्याच्यासमोर तुम्ही "मी रोज पितो" किंवा "मला जगावंसं वाटत नाही" हे मोकळेपणाने सांगू शकणार नाही. सांगितलं तरी उद्या कर्ज नामंजूर झालं तर मनात शंका राहील. सावकार, ठेकेदार, जवळचा नातेवाईक यांनाही हेच लागू. ही माणसं आधाराला हवीत. दवाखान्यापर्यंत सोबत यावीत, पण दाराबाहेर बसावीत.

संस्था एवढं करेल: पत्ता शोधून देईल, सोबत माणूस पाठवेल, आणि तुम्ही कुठे गेलात हे मीटिंगमध्ये कधीच निघणार नाही.

*जायचं कुठे?*

*फोनवर.* टेली-मानस, नंबर १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीसह बऱ्याच भाषांत आहे. फोन लागला की भाषा सांगा. ज्यांना कुणी बघेल याची लाज वाटते त्यांच्यासाठी सुरुवातीला हाच रस्ता सोपा. व्यसनासाठी वेगळा नंबर आहे, १४४४६.

*सरकारी दवाखान्यात.* जिल्हा रुग्णालयात 'मन कक्ष' विचारा. खिडकीवर सगळ्यांसमोर आजार सांगायची गरज नाही. "भैया, मन कक्ष किधर है?" एवढं पुरे.

*जिल्ह्याची हद्द विसरा, जवळ काय आहे ते बघा.* निसरपूर-कुक्षीवाल्यांना धारपेक्षा बडवानी जवळ. नेमावरवाल्यांना देवासपेक्षा हरदा जवळ. उपचार म्हणजे एकदा जाऊन संपणारं काम नाही. सहा-आठ वेळा जावं लागतं. ज्या ठिकाणी जाण्यात अख्खा दिवस आणि दिवसाची कमाई जाते तिथे माणूस दोनदा जातो आणि सोडतो. लांबचा समुपदेशक आवडला असेल तर विचारा, "एकदा समोर भेटू, पुढे फोनवर चालेल का?"

*इंदूर.* देवास आणि धार शहरवाल्यांना सोयीचं. बाणगंगा इथे शासकीय मानसिक रुग्णालय आहे, खासगी डॉक्टर आणि समुपदेशकही आहेत. खासगीत जाण्याआधी फोनवरच फी विचारा, किती भेटी लागतील त्याचा अंदाज विचारा, मग ठरवा.

*महाराष्ट्रात नातेवाईक असतील तर.* दारूसाठी पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच संस्था १९९० पासून आहे. मराठीतच बोलायचं असं ज्यांचं ठाम आहे त्यांनी अशा ठिकाणी चौकशी करायला हरकत नाही.

*डॉक्टरला हे सांगायला विसरू नका*

गोळ्या सुरू झाल्या तर पहिल्या दिवशीच सांगा: "मी पाण्यावर काम करतो, रात्री नावेत असतो." मनाच्या काही गोळ्यांनी झोप येते, चक्कर येते. जमिनीवर ठीक आहे, नावेत धोका आहे. डॉक्टर वेळ बदलून देईल, गोळी बदलून देईल. नवी गोळी सुरू झाल्यावर पहिले काही दिवस एकट्याने नाव काढू नका. गोळीवर दारू तर नकोच. आणि उदासीच्या गोळीचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून बंद करू नका.

*नाही जमलं तर सोडायचं कसं?*

आपल्या लोकांचा स्वभाव असा की नाही पटलं तर सांगायचं नाही, नुसतं जाणं बंद करायचं. मग घरचे म्हणतात "एवढे पैसे घातले, काही झालं नाही", आणि माणूस पुन्हा कुणाकडेच जात नाही. खरं नुकसान इथे होतं. एक माणूस जमला नाही म्हणजे उपचार निकामी झाला असं नाही.

आधी एक लक्षात घ्या. पहिल्या एक-दोन भेटींनंतर कधी कधी जास्त जड वाटतं, कारण दाबलेलं बाहेर येतं. तेवढ्यावर सोडू नका. दोन-तीन भेटी द्या. मग स्वतःला विचारा: मी याच्यासमोर खरं बोलतोय का? त्याने ऐकलेलं पुढच्या वेळी त्याच्या लक्षात राहतं का? आम्ही काय करतोय ते मला कळतंय का? तिन्हीचं उत्तर "नाही" आलं तर साधं सांगा: "सर, तुमच्याकडून शिकलो, पण मला वाटतं दुसऱ्या कुणाशी बोलून बघावं. तुम्ही कुणाचं नाव सुचवाल का?" चांगला समुपदेशक नाव देतो. यात अपमान कुणाचाच नाही.

*थांबायचं नाही अशी वेळ*

कुणी मरणाबद्दल बोलायला लागला, आपल्या वस्तू वाटायला लागला, निरोप घेतल्यासारखं बोलायला लागला, तर तेव्हा चांगला-वाईट समुपदेशक निवडत बसू नका. त्याला एकटं सोडू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट माणूस मोकळा होतो. घरातलं शेतीचं औषध, दारू दूर ठेवा. १४४१६ लावा, नाहीतर १०८ किंवा ११२, नाहीतर सरळ जवळचा दवाखाना.

पोलीस केस होईल या भीतीने लोक दवाखान्यात नेत नाहीत. २०१७ च्या कायद्याने अशा माणसाला शिक्षेऐवजी उपचार द्यायचं ठरवलंय, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुनं ३०९ कलम राहिलेलंच नाही. बिनधास्त घेऊन जा.

बंदी १५ ऑगस्टला उठेल. त्याआधी हाताशी वेळ आहे. ज्यांच्या घरात कुणी गप्प झालंय त्यांनी या दोन महिन्यांतच पहिली भेट घ्यावी, कारण जाळी पाण्यात गेली की दवाखान्याला वेळ निघत नाही हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पोस्ट आपल्या ग्रुपवर पाठवा. कुणाला सोबत हवी असेल तर कमेंटमध्ये लिहू नका, संस्थेच्या फोनवर बोला.

तुमचीच,
मच्छीमार सहकारी संस्था